जाम झालेली सीटपोस्ट: पिळायची, कापायची की विरघळवायची?

सायकलची सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची फ्रेममध्ये सरकणारी नळी, अडकून बसली असेल तर हातोडी उचलण्याआधी फ्रेमला आणि सीटपोस्टला लोहचुंबक लावून बघा. दोन्हींना चिकटला तर स्टीलमध्ये स्टील आहे, म्हणजे साधा गंज. फक्त फ्रेमला चिकटला आणि पोस्ट ॲल्युमिनियमची निघाली, तर प्रकरण चिवट आहे. घाम, पावसाचं पाणी किंवा किनाऱ्यावरची खारी हवा आत शिरली की या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि पोस्ट पाचर मारल्यासारखी घट्ट बसते.

गंज सोडवणारं तेल साध्या गंजावर चांगलं चालतं, पांढऱ्या भुकटीवर जेमतेम. वरून ओतलेलं तेल तोंडाशीच अडतं. सायकल उलटी करून, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचा फ्रेममधला भाग) काढून, खालून सोडलं तर पोस्टच्या आतल्या टोकापर्यंत जातं. एक-दोन रात्री मुरू द्या. फुकटात पडणारा आणि काहीही न बिघडवणारा हा एकच उपाय, म्हणून आधी हा. पण महिनाभर नुसतं तेलच सोडत बसण्यात अर्थ नाही.

फ्रेम तापवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. स्टीलमध्ये ॲल्युमिनियम असेल तर तो उलटा पडू शकतो, कारण तेवढ्याच उष्णतेनं ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. शिवाय रंग जळतो तो वेगळाच. त्यापेक्षा गार करा. 27.2 मिमीची पोस्ट आणि फ्रेम दोन्ही 50 अंशांनी गार झाली, तर फट पडते साधारण 0.015 मिमी. एवढ्यानं पोस्ट सुटत नाही, पण पिळताना मदत होते. पोकळ पोस्टमध्ये ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) भरून फक्त पोस्टच गार केली तर फरक आणखी वाढतो. ॲल्युमिनियममध्ये ॲल्युमिनियम असेल तर दोन्ही सारखंच फुगतं, तिथे तापवून काही साधत नाही.

माझं मत पिळण्याच्या बाजूनं. सीट काढायची, पोस्टला आवळणारा क्लॅम्प सैल करायचा, सायकल उलटी करून पोस्टचं डोकं भक्कम टेबलाच्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळायचं आणि अख्खी फ्रेम दांड्यासारखी फिरवायची. पाइप पान्यापेक्षा इथे जोर कितीतरी जास्त मिळतो. सरळ ओढू नका. आधी किंचित फिरू द्या, मग फिरवत फिरवत ओढा. पोस्टचं डोकं चेचलं जाणार, हे गृहीत धरा. फ्रेम हलकी, पातळ नळीची असेल तर धक्के देऊ नका. कार्बनची फ्रेम किंवा पोस्ट असेल तर हे घरी करूच नका, अनुभवी मेकॅनिककडे न्या.

तरीही हलली नाही तर दोन वाटा उरतात. कापायचं म्हणजे पोस्ट इंचभर वर ठेवून छाटायची, हॅकसॉचं (धातू कापायच्या करवतीचं) पातं आत घालून उभा काप घ्यायचा आणि भिंत आत दुमडायची. काम कंटाळवाणं, तासन् तासांचं, आणि पातं फ्रेममध्ये शिरलं तर फ्रेम गेली. पण धातू कोणताही असो, हे चालतं.

कॉस्टिक सोड्याचं द्रावण ॲल्युमिनियम खातं, स्टीलला धक्का लावत नाही. म्हणून ते फक्त स्टीलच्या फ्रेमसाठी. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर तीच विरघळेल. द्रावण उकळल्यासारखं तापतं, हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर, ठिणगीपासून लांब, हातमोजे आणि चष्मा घालून. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. द्रावण पोस्टमध्ये ओतण्याआधी फ्रेमच्या नळीचं खालचं तोंड आणि बाटलीच्या स्टँडची भोकं नीट बुजवा. रंगावर ओघळलं तर रंग उतरतो. फ्रेम नाहीतरी नव्यानं रंगवायचीच असेल तर मी सोडा वापरेन. मूळ रंग जपायचा असेल तर पातंच घेईन.