डायबेटिस आणि कानातला मळ: सोडा-ग्लिसरीन व सक्शनचा पावसाळ्यापासूनचा अनुभव

मला टाइप २ डायबेटिस आहे आणि कानात मळही जरा जास्तच साठतो. डाव्या कानाला दडा बसला की फोन उजव्या कानाला धरायचा, टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि घरच्यांची बोलणी खायची, हे ठरलेलं. गेल्या पावसाळ्यापासून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितलेल्या पद्धतीने चालले आहे: आधी मळ मऊ करणारे थेंब, मग सक्शन, म्हणजे बारीक नळीने मळ ओढून काढणं.

आधी पाण्याबद्दल. घराजवळच्या एका दवाखान्यात "पिचकारीने धुऊन टाकू, पाच मिनिटांचं काम" म्हणाले. शुगर आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. मीच उठून आले. कानातला मळ थोडा आंबट असतो आणि त्यामुळे जंतूंना सहज थारा मिळत नाही. डायबेटिसमध्ये हा आंबटपणा कमी झालेला असू शकतो. त्यात पिचकारीने आतली नाजूक कातडी खरचटली, वर नळाचं पाणी साचून राहिलं, की स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं फावतं. हा संसर्ग क्वचित कवटीच्या हाडापर्यंत पोचतो. त्याला मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना म्हणतात. नाव तसं असलं तरी तो कॅन्सर नव्हे, पण अँटिबायोटिक आठवडेच्या आठवडे घ्यावी लागतात, आणि हे दुखणं होणाऱ्यांत वयस्कर डायबेटिसवालेच जास्त.

आता थेंब. टर्पेंटाइनवाले थेंब मला झोंबले, म्हणून डॉक्टरांनी सोडा-ग्लिसरीनचे दिले. पडद्याला भोक नाही ना, हे आधी बघून मगच. बाटली मुठीत धरून अंगाइतकी कोमट करायची, कारण गार थेंब गेले की खोली गरगर फिरते. कुशीवर पडायचं, कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, थेंब सोडून थोडा वेळ तसंच पडून राहायचं. उशीवर जुना टॉवेल हवा, चिकट ओघळ येतो. बाटलीवर न लिहिलेली गोष्ट म्हणजे थेंबांनी मळ आधी फुगतो आणि ऐकू आणखीच कमी येतं. घाबरू नका. मात्र हे थेंब महिनोन्‌महिने घालायचे नसतात, आतली कातडी कोरडी पडते. मी फक्त सक्शनच्या आधीचे काही दिवस घालते.

सक्शन मायक्रोस्कोपखाली करतात. डॉक्टरांना आतलं सगळं दिसत असतं आणि पाण्याचा थेंबही लागत नाही. आवाज मात्र कानातच मिक्सर लावल्यासारखा! किंचित चक्कर येते, लगेच उतरते. पहिल्या वेळी निघालेला खडा ट्रेमध्ये दाखवला: काळपट चॉकलेटी, एका बाजूला इअरबडच्या कापसाचे तंतू चिकटलेले. मळ बाहेरच्या भागातच तयार होतो, बडने आपण तो आत ठासतो, हे तिथे डोळ्यांनी दिसलं. बाहेर पडले तर रिक्षांचे हॉर्न नको इतके स्पष्ट.

तोटे आहेतच. सक्शनची फी थेंबांच्या बाटलीच्या कित्येक पट, आणि मळ पुन्हा साठतो, त्यामुळे काही महिन्यांनी फेरी ठरलेली. लसूण घालून कढवलेलं तेल आमच्या नात्यात अजून सुचवलं जातं. मी हसून मान डोलावते आणि घालत नाही. भाच्याने मोबाइलला जोडायचा कानाचा कॅमेरा दिला. बघायला मजा येते, पण त्याच्या टोकाची चमची मी काढूनच ठेवली आहे. स्क्रीनवर खोली कळत नाही, आणि आमच्यासारख्यांना बारीकसा ओरखडाही महागात पडू शकतो.

थेंबांना पाचपैकी चार, सक्शनला साडेचार. अर्धा गुण फीपायी कापला. कान रात्री ठणकायला लागला, पाणी किंवा पू आला, किंवा तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटलं, तर मात्र थेंब बंद करून त्याच दिवशी तज्ज्ञ गाठायचे. शुगरचे ताजे रिपोर्ट सोबत न्या, तिथे पहिला प्रश्न तोच असतो.