पहाटे उठणारं पोर: रंगीत घड्याळ की टायमरवरचा दिवा?

शेजारच्या ताईंचा अडीच वर्षांचा लेक पहाटे 5 लाच आईच्या पोटावर चढून बसतो. उठायची वेळ झाली हे पोराला कळावं म्हणून ठरल्या वेळी रंग बदलणारं घड्याळ घ्यावं, की त्याच वेळी आपोआप लागणारा झिरोचा बल्ब टायमर-प्लगवर लावावा, या पेचात त्या आहेत.

स्वस्ताईत बल्बच. पण वीज गेली की चक्रीवाला टायमर तिथेच थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. अर्धा तास वीज गेली, तर 6 चा दिवा साडेसहाला लागतो. बॅटरीवरच्या घड्याळाला ही भानगड नाही. त्याची बटणं मात्र पोराच्या हाती लागू देऊ नका.

मेहनत दोन्हीकडे सारखीच. आधी दिवा रोजच्या उठण्याच्या वेळेलाच लावायचा, मग हळूहळू पाव तासाने पुढे न्यायचा. टायमरच्या चक्रीवर वेळ लावायच्या खुंट्या बहुधा 15-15 मिनिटांच्याच असतात, तेव्हा हे सोपं. रात्रभर चालणारा उजेड मंद तांबूस हवा. निळा झोपेला मारक. दोन वर्षांच्या आतलं मूल सहसा दोन्हींना जुमानत नाही, तिथे खर्चच नको.

लेकराची खोली वेगळी आणि वीज भरवशाची असेल तर बल्ब पुरे. सगळे एकाच खोलीत झोपत असाल, त्यात आजोबा पहाटेच दिवा लावत असतील, तर रंगासोबत चित्रही दाखवणारं घड्याळ घ्या, म्हणजे आजोबांच्या दिव्याशी पोराचा गोंधळ होणार नाही.