'नेब्रास्का'ची एलपी: लालबागच्या घरात ऐकलेला स्प्रिंगस्टीन

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनची एकच रेकॉर्ड घ्यायची तर कोणती, असं विचारलं की बहुतेक जण 'बॉर्न टू रन' नाहीतर 'बॉर्न इन द यू.एस.ए.' सांगतात. मी 'नेब्रास्का' सांगेन. कोलंबिया कंपनीची नव्याने छापलेली एलपी माहीमच्या एका दुकानातून घेतली, तीन हजारांच्या थोडे वर गेले. पेन्शनवर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही, म्हणून पैसे कशाला लागले ते नीट सांगते.

ही रेकॉर्ड स्टुडिओत झालेलीच नाही. १९८० च्या 'द रिव्हर'ने त्याला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं होतं, मोठमोठी सभागृहं भरत होती. अशा वेळी न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावात भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, त्याने टीॲक कंपनीचं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र लावलं, दोन माइक ठेवले आणि ३ जानेवारी १९८२ च्या सुमारास एकट्याने गायला बसला. गिटार, माऊथ ऑर्गन आणि किरकोळ एखाददुसरं वाद्य. बँडला चाली कळाव्यात म्हणून केलेला हा कच्चा खर्डा होता. पुढे बँडबरोबर तीच गाणी वाजवून पाहिली, पण कॅसेटमधला एकटेपणा तिथे येईना. ती कॅसेट तो कव्हरशिवाय खिशात घेऊन फिरत होता. शेवटी तीच बाजारात आणायचं ठरलं. त्या आवाजावरून तबकडी कापताना तंत्रज्ञांची दमछाक झाली, आणि सप्टेंबर १९८२ मध्ये रेकॉर्ड आली. तिच्यासाठी दौरा काढला नाही. यशाच्या ऐन भरात असं करायला छाती लागते.

ऐकताना हे सगळं लक्षात ठेवा. सुई टेकली की मागे एक सततची सरसर येते. ती मूळ कॅसेटची आहे, तुमच्या सुईची किंवा छपाईची नाही, त्यामुळे दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. माझी प्रत सपाट आहे, कुठे टकटक नाही, गाण्यांमधली जागा स्वच्छ आहे. 'स्टेट ट्रूपर' मध्ये गिटारच्या एकाच घोळवलेल्या ठोक्यावर तो जवळजवळ पुटपुटत राहतो आणि शेवटाकडे अचानक किंचाळतो. फोनवर ऐकलं होतं तेव्हा ती किंकाळी नुसती ऐकू आली होती. एलपीवर खोली हादरते. आवाज बेताचा ठेवा, चाळीत भिंती पातळ असतात.

कव्हरवर गाडीच्या काचेतून दिसणारा रस्ता आहे, काळापांढरा, बॉनेटवर बर्फ, वर लाल अक्षरं.

आता मी ही रेकॉर्ड का घेतली ते. त्याने ती कॅसेट भरली त्याच महिन्यात, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले एक माझे वडील, साचेखात्यातले, म्हणजे कापड विणायच्या मागांवरचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी शाळेत होते. पाळीचे भोंगे बंद झाले आणि आई सकाळी घड्याळाकडे बघायला लागली, एवढं स्वच्छ आठवतं. संप कुणी रीतसर मागे घेतला नाही. माणसं एकेक करून परत गेली, गावी गेली किंवा फुटपाथवर भाजी घेऊन बसली. अण्णांना पुन्हा गिरणी मिळाली नाही.

स्प्रिंगस्टीनही अशाच गावात वाढला. जन्म १९४९ चा, वाढला न्यू जर्सीतल्याच फ्रीहोल्डला, तिथे गालिच्यांची गिरणी होती. वडील डग्लस काही काळ त्या गिरणीत होते, मग इकडेतिकडे नोकऱ्या, बसही चालवली. १९७८ च्या 'फॅक्टरी' या छोट्या गाण्यात तो म्हणतो की कारखाना बापाचे कान घेतो आणि त्या बदल्यात त्याला जगवतो. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या कुठल्याही माणसाच्या घरी हे समजावून सांगावं लागत नाही. अण्णा समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात, साचेखात्यातले सगळेच ओळखायचे.

'नेब्रास्का'च्या दुसऱ्या बाजूला 'यूज्ड कार्स' आहे. बाप जुनी गाडी बघायला बायकामुलांना घेऊन गेलाय. विकणारा माणूस बोलता बोलता बापाच्या हातांकडे बघत राहतो आणि मागच्या सीटवरची आई ते बघते. गाण्यात त्या हातांचं वर्णन नाही. पण आपल्याला ते दिसतात, कारण प्रत्येक कामगाराच्या पोराने दुकानात, बँकेत, शाळेच्या ऑफिसात आपल्या बापाच्या हातांवर अशी नजर खिळलेली पाहिलेली असते. राजकारणावर एक अक्षर न बोलता त्याने त्या एका ओळीत सगळं सांगितलं.

मग पहिल्या बाजूचं 'जॉनी ९९'. न्यू जर्सीतल्या महवाहचा मोटारींचा कारखाना बंद पडतो. हा कारखाना खरोखरच होता, फोर्डचा, आणि १९८० मध्ये तो बंद झाला. गाण्यातल्या राल्फला काम मिळत नाही, एका रात्री तो दारूच्या नशेत एकाला गोळी घालतो. न्यायाधीश शिक्षा ठोठावतो, अठ्ठ्याण्णव वर्षं आणि वर एक. राल्फ म्हणतो, सरळ माणसाला फेडता येऊ नये एवढं कर्ज डोक्यावर होतं, बँक घर घेत होती, त्याने मी निर्दोष ठरत नाही, पण हातात बंदूक देणारं एवढंच नव्हतं.

अण्णांना इंग्रजी येत नाही. ते स्पीकरला हात लावून बसले होते, ठोका हाताला कळतो म्हणून. मी त्यांच्यासमोर बसून गोष्ट सांगितली. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "त्याची युनियन कुठं होती?"

हा प्रश्न मला कुठल्याही समीक्षेत सापडला नाही, आणि गाण्यातही त्याचं उत्तर नाही. 'नेब्रास्का'मधली माणसं एकटीच बुडतात. उत्तर शोधायचं तर गायकाच्या पुढच्या आयुष्यात जावं लागतं.

चळवळीत त्याचं पाऊल आधीच पडलं होतं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर १९७९ मध्ये अणुऊर्जेविरुद्ध न्यूयॉर्कला जे कार्यक्रम झाले त्यात तो गायला, १९८१ मध्ये व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या संघटनेसाठी गायला. पण 'नेब्रास्का'नंतर त्याचं वागणं जास्त जमिनीवर आलं. सप्टेंबर १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत त्याचं नाव घेतलं, जणू तो त्यांच्याच बाजूचा. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर तो म्हणाला की अध्यक्षांची आवडती रेकॉर्ड कोणती असेल याचा मी विचार करतोय, 'नेब्रास्का' नसावी. आणि 'जॉनी ९९' वाजवलं. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं गाव, तिथे भट्ट्या विझत होत्या. तिथल्या पोलाद कामगारांच्या युनियनच्या अन्नपेढीला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला, त्याने पैसे दिले. त्या दौऱ्यात गावोगाव अशा अन्नपेढ्यांची नावं तो मंचावरून घेत राहिला.

पुढच्या वर्षी त्याच्याच फ्रीहोल्डमधला थ्री-एम कंपनीचा कारखाना बंद होणार होता. विली नेल्सनबरोबर त्याने वर्तमानपत्रात जाहीर पत्र छापलं, जानेवारी १९८६ मध्ये ॲस्बरी पार्कच्या स्टोन पोनी क्लबात कामगारांसाठी गायला. कारखाना वाचला नाही. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. गायकाने कारखाना वाचवला पाहिजे असं त्यांना वाटत नाही, गेटवर यायला पाहिजे असं वाटतं.

भारतात तो आला तो ३० सप्टेंबर १९८८ ला, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये, ॲम्नेस्टीच्या मानवी हक्कांच्या दौऱ्याबरोबर. स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू न्दूर सोबत होते.

आपल्याकडे कामगारांचं गाणं म्हणजे डफ, मोकळं मैदान आणि शाहीर. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर. त्या बुलंद आवाजाची सवय असलेल्याला 'नेब्रास्का' आधी फार मुकी वाटेल. पण 'माझी मैना गावावर राहिली' आठवा. तिथेही मुंबईत आलेल्या माणसाची बायकोच्या आठवणीने होणारी तगमग आधी येते, आणि तिच्यावर संयुक्त महाराष्ट्राची मागणी उभी राहते. अण्णा भाऊ त्या दुःखाला मैदानात घेऊन गेले. स्प्रिंगस्टीनने ते खोलीतच ठेवलं आणि स्वतः मैदानात गेला. मला दोन्ही रीती पटतात. गळ्याला मात्र शाहिरी जास्त भिडते, हेही सांगायला हवं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. चालींमध्ये फरक कमी आहे, आणि सलग ऐकताना 'ओपन ऑल नाइट' येईपर्यंत जीव जड होतो. शिवाय २०२२ मध्ये त्याच्या दौऱ्याची काही तिकिटं मागणीनुसार वाढत पाच हजार डॉलरच्या आसपास गेली, आणि त्याने ती पद्धत थांबवली नाही. ज्या माणसांवर ही गाणी आहेत त्यांना ते तिकीट कधीच परवडणार नव्हतं. त्याच्या चाहत्यांचा राग मला रास्त वाटतो. रेकॉर्ड त्याने खोटी ठरत नाही, पण मनाला लागतं.

घेणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. प्रत उभी ठेवा, आडव्या ढिगात नको. पावसाळ्यात काळ्या कव्हरवर बुरशी लगेच दिसते, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा कव्हर पंख्याखाली उघडं ठेवा. चोरबाजारात जुनी प्रत मिळाली तर उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा. या रेकॉर्डमध्ये शांतता इतकी आहे की प्रत्येक ओरखडा ऐकू येतो. टर्नटेबल नसेल तर केवळ हिच्यासाठी घेऊ नका, फोनवर हेडफोन लावून ऐका, गाण्यांचा क्रम न बदलता. शब्द मात्र समोर ठेवा. घरात कुणी गिरणीतलं, डॉकमधलं, बेस्टमधलं असेल तर त्यांना शेजारी बसवून गोष्ट मराठीत सांगा आणि ते काय विचारतात ते ऐका.