जुनी डिझेल पिकअप मध्येच बंद पडते? गोव्यातल्या साखळी गावाकडच्या एका पाटी नसलेल्या गॅरेजबद्दल

पाच स्टार. आणि थोडं लांबलचक लिहितोय, कारण गाडी चालता चालता बंद पडते, दहा-पंधरा मिनिटांनी काही झालंच नाही अशी परत चालू होते आणि गॅरेजमध्ये नेली की दिवसभर मस्त चालते, हा त्रास ज्याच्या जुन्या पिकअपला आहे त्यालाच कळतो. आमची गाडी सत्तरीतून केळी, नारळ घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाते, सुपारीच्या दिवसांत बागायतदारला (सुपारी घेणाऱ्या सहकारी संस्थेत) जाते, चतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान असतं, म्हणजे ती रस्त्यात उभी राहिली की मागचा सगळा माल उन्हात.

आधी एका दुसऱ्या ठिकाणी दाखवलं होतं, नाव घेत नाही. तिथे डिझेल फिल्टर बदलला, बंद पडली, मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बदलला, तरी बंद पडली, मग म्हणाले आता मेन पंप (इंजिनला डिझेल मोजून देणारा) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनवर तपासून सेट करायला पाठवू, पाच आकडी खर्च. मी विचारलं पंपातच फॉल्ट आहे हे कशावरून, तर उत्तर असं की बाकी सगळं बदलून झालंय ना. हे मला अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही. पार्ट बदलत बदलत फॉल्ट शोधायचा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज करायचा.

हे साखळीकडचं गॅरेज म्हणजे माडांखाली पत्र्याची शेड, एक मेस्त (मिस्त्री) आणि हाताखाली एक मुलगा. मेस्त मूळचा ऑटो इलेक्ट्रिशियन पण डिझेलचं कामही चांगलं जाणतो आणि या फॉल्टला नेमकी हीच जोडी लागते, कारण गाडी बंद पडते ती एक तर डिझेल मिळत नाही म्हणून नाहीतर करंट तुटतो म्हणून, आणि बहुतेक ठिकाणी माणसाला दोन्हीतलं एकच येत असतं.

पहिल्या दिवशी त्याने पाना हातात घेतलाच नाही, नुसते प्रश्न. गार असताना बंद पडते की गरम झाल्यावर? चढावर की उतारावर? तेव्हा टाकीत डिझेल किती होतं? पाऊस होता का? बंद होताना झटके देत, दम सोडत बंद होते की चावी फिरवल्यासारखी एका क्षणात? डॅशबोर्डचे लाइट तेव्हा चालू असतात का? परत सुरू करताना नुसता सेल्फ मारला की घेते की हँड प्राइमर (हाताने दाबून डिझेल वर आणायचा पंप) मारावा लागतो?

मी विचारलं यातून काय कळतं, तर काम करता करता सगळं सांगितलं, लपवाछपवी काही नाही. झटके देत, पॉवर कमी होत होत बंद पडली तर आधी डिझेलच्या बाजूला बघायचं. टाकीतल्या जाळीवर कचरा बसला की इंजिन ओढत राहतं, कचरा जाळीला चिकटतो, डिझेल बंद, गाडी बंद, मग थोडा वेळ उभी राहिली की कचरा खाली सुटतो आणि गाडी परत चालते, म्हणून लोकांना वाटतं आपोआप बरी झाली. टाकीचा ब्रीदर (हवा आत यायचं भोक) बुजला तरी तसंच, तेव्हा झाकण उघडलं की हवा आत ओढल्याचा आवाज येतो. टाकी कमी असताना फक्त चढावर बंद पडते तर पाइप हवा ओढतोय. प्राइमर मारल्याशिवाय घेतच नाही तर कुठेतरी एअर धरतेय, आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढणाऱ्या लाइनवर क्लिप ढिली असली तर बाहेर डिझेलचा थेंबही गळत नाही पण हवा आत जाते, त्यामुळे नुसतं बघून सापडत नाही. आपल्याकडे पावसात फिल्टरखाली पाणी साठतं तेही बघायचं, खालचा स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत काढलं की पाणी तळाला वेगळं दिसतं.

आणि एका क्षणात बंद पडली तर करंट. आमच्या गाडीला जुना रोटरी पंप आहे, त्याच्या मागे स्टॉप सोलेनॉइड (करंटवर चालणारा व्हॉल्व्ह) असतो, चावी ऑन केली की त्याला 12 व्होल्ट मिळतात आणि तो डिझेलची वाट उघडी धरून ठेवतो. चालू इंजिनला विजेची गरज जवळजवळ एवढीच, पण ती एक वायर अर्धा सेकंद जरी तुटली तरी इंजिन गेलं. नवीन कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) गाड्यांत हीच जागा क्रँक सेन्सरची (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा), तो गरम झाला की सिग्नल सोडतो आणि थंड झाला की परत देतो. त्यात गाडी गियरमध्ये चालत असताना आरपीएमचा काटा बघायचा, चाकांमुळे इंजिन फिरतंय तरी काटा धाडकन शून्यावर आला तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यायचा, आणि इंजिनसोबत काटा हळूहळू उतरला तर डिझेल.

आमची चावी फिरवल्यासारखीच बंद पडायची, म्हणजे इथेच करंटवर संशय होता, तरी मेस्तने काही बदललं नाही. सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून एक वायर केबिनमध्ये आणली आणि डॅशबोर्डवर छोटा टेस्ट बल्ब लावला. पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा बसवला, हवा येत असेल तर बुडबुडे दिसावेत म्हणून. आणि म्हणाला, "आता रोजचं काम कर. बंद पडली की आधी बल्ब बघ बाबा, मग चावीला हात लाव." बल्ब चालू असताना इंजिन बंद झालं तर डिझेल, बल्बही गेला तर वायरिंग. एवढी सोपी परीक्षा, पन्नास रुपयांचं सामान, आणि फीड पंप बदलायच्या आधी हे कुणालाच सुचलं नव्हतं!

शेवटी भर दुपारी, पूर्ण लोड असताना, होंडा गावाच्या पुढे गाडी बंद पडली आणि बल्ब विझलेला होता. डॅशबोर्डचे बाकीचे लाइट चालू. म्हणजे बॅटरी ठीक, चावीपर्यंत करंट ठीक, फॉल्ट त्याच्या पुढे.

मग खरं काम सुरू झालं आणि हे बघण्यासारखं होतं. साधारण लोक मीटर लावतात, 12 दाखवलं की म्हणतात करंट आहे. मेस्तने सोलेनॉइड जोडलेला ठेवून, लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना मोजलं, एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं एकेका जोडावर, कुठे किती व्होल्ट हरवतात ते बघत बघत गेला. फ्यूज बॉक्सपाशी आल्यावर मीटर हलायला लागला. फ्यूज चांगला होता, पण फ्यूजला धरणारी पत्ती गरम होऊन ढिली पडलेली, बाजूचं प्लॅस्टिक थोडं वितळलेलं आणि मागच्या बाजूला हिरवा गंज. पुढच्या काचेच्या रबरमधून पावसाचं पाणी आतल्या आत थेट तिथे ठिबकत होतं. सोलेनॉइड एकदा उघडला की कमी व्होल्टेजवरही धरून राहतो पण सुटला की परत ओढायला जास्त लागतं, म्हणून थोडा वेळ काही घ्यायची नाही, थंड झाली की पत्ती परत टेकायची आणि गाडी सुरू. सगळं कोडं तिथल्या तिथे उलगडलं, आणि पंप तर बिचारा ठणठणीत होता.

फ्यूज वगळून डायरेक्ट वायर मारली असती तरी गाडी चालली असती आणि असं करणारेही आहेत, पण पुढे ती वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागते. याने नवीन टर्मिनल क्रिंप केले (वायरच्या टोकाला दाबून बसवले), खराब वायर कापून तेवढा तुकडा नवीन टाकला, फ्यूज योग्य अँपियरचाच ठेवला, काचेच्या रबरला सीलंट भरलं, आणि जाता जाता इंजिनची अर्थिंगची पट्टी सोडवून घासून परत घट्ट केली. मजुरी आणि सामान मिळून 1,800 रुपये, हाताने लिहिलेलं बिल, काढलेली जुनी पत्ती पिशवीत घालून हातात दिली. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, चोर्ला घाटातही जाऊन आली, एकदाही थांबली नाही.

घाटावरून आठवलं, ज्यांची गाडी अशी बंद पडते त्यांनी हे मनावर घ्याच. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरला (ब्रेक हलका करणारा डबा) व्हॅक्यूम मिळत नाही, एक-दोन ब्रेकपुरतंच उरतं, मग पॅडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. आणि घाबरून चावी पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

तक्रार म्हणाल तर वेळ लागतो, खूप लागतो. एका वेळी एकच गाडी हातात घेतो, फोनवर तारीख देत नाही, चतुर्थीच्या आसपास तर विचारूच नका. रस्त्यात गाडी पडली तर आणायला त्याच्याकडे सोय नाही, टोइंग आपलं आपण बघायचं. बसायला एक बाकडं आहे, बाकी काही नाही. ज्याला सकाळी देऊन संध्याकाळी हवी त्याने इथे जाऊ नये.

साखळीहून डिचोलीकडे जाताना आहे, पाटी नाही पण जुन्या पिकअपवाल्या कुणालाही विचारलं तर सांगतील. रविवारी बंद. जाताना आधी काय काय बदललं त्याची बिलं घेऊन जा आणि गाडी केव्हा, कुठे, किती डिझेल असताना बंद पडली ते एका कागदावर लिहून न्या, मेस्त पहिलं तेच मागतो.