मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहून: मेंटेनन्स, क्लब हाऊस आणि नियम

पुण्यातल्या वाकडमधल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये टू बीएचके घेतला, त्याला आता दीडेक वर्ष झालं. फ्लॅट बघायला येणारे हमखास क्लब हाऊसचं विचारतात. चांगलं आहे. पोहण्याचा तलाव सोमवारी बंद, बॅडमिंटनला संध्याकाळी नंबर लागत नाही, जिममधलं एखादं यंत्र कायम आजारी. पण महिन्याचं बिल त्यानं फुगत नाही.

बिल फुगतं पाण्यानं. उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात, आणि बोअरला पाणी आहे असं सांगणारा सेल्समन तेव्हा फोन उचलत नाही. गेटवरच्या वहीत टँकरची नोंद असते. घेण्याआधी मे महिन्याची पानं बघू द्या म्हणावं, ब्रोशर नंतर. त्याखालोखाल सिक्युरिटी, लिफ्ट, जनरेटर आणि एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र. एसटीपीचं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, ही सोय उत्तम. सकाळी वास मात्र येतो.

खरी गंमत वाटणीची आहे. बिल्डर बघत होता तोवर आकारणी चौरस फुटावर होती. सोसायटी नोंदली गेली आणि गणितच बदललं. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सेवा शुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्या सदनिकांना सारखा. त्यामुळे आमचं बिल वाढलं, थ्री बीएचकेवाल्यांचं उतरलं. वॉचमन काही त्यांच्या दाराशी जास्त वेळ उभा राहत नाही, हे खरं. नियम पटतो, बिल पटत नाही! पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकार बघून, पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के. शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची संघटना आहे. तिथे खर्च सामाईक जागेतल्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. लहान फ्लॅट घेणाऱ्यानं स्विमिंग पूलच्या आधी हे विचारावं: सोसायटी की अपार्टमेंट?

जीएसटीचं वेगळंच. सभासदाची महिन्याची वर्गणी ७,५०० रुपयांच्या पुढे आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की १८ टक्के कर. आमची कमिटी ७,५०० च्या आत राहण्यासाठी जी कसरत करते, ती बघण्यासारखी असते. रंगकाम त्यापायीच लांबलंय, असा माझा संशय.

नियमांपैकी बरेचसे ठीक आहेत. दुपारी ड्रिल मशीन बंद, हे तर देवासारखं. पण फ्लॅट भाड्यानं दिला की लागणारं ना-वापर शुल्क इथे सरसकट ठोक रक्कम लावून घेत होते. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर ते घेता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी वार्षिक सभेत उपविधी उघडून वाचून दाखवले, तेव्हा ते खाली आलं. थकबाकीवरचं व्याजही २१ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, तेही सरळव्याज. बॅचलर भाडेकरूंना येणारा त्रास अजून चालूच आहे; नियम कुठे लिहिलाय विचारलं की सेक्रेटरी विषय बदलतात.

जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. विचारलं की 'प्रोसेसमध्ये आहे' हे ठरलेलं उत्तर. मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरनं करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सप्टेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्या, असं आम्ही काही जणांनी कमिटीला लेखी दिलंय आणि पोच घेतली आहे.