अनलोडर नी-ब्रेस आणि व्यायाम : 8 महिन्यांच्या वापरानंतर

विशीत कबड्डी खेळायचो. एका चढाईत उजवा गुडघा पिरगळला, आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) फाटली आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात तिचा फाटका भाग काढून टाकला. 3 महिन्यांत मैदानात परतलो, तेव्हा त्याचंच कौतुक होतं. मेनिस्कस काढलेल्या गुडघ्याची झीज लवकर सुरू होऊ शकते, हे मला फार उशिरा कळलं. आता वय 47. यवतेश्वरच्या घाटात पळतो. गेल्या वर्षी घाट उतरताना आतून कळ यायला लागली, सकाळी गुडघा आखडायला लागला. एक्स-रेत आतल्या बाजूची, दोन हाडांमधली फट कमी झालेली दिसली, ग्रेड 2, म्हणजे सौम्य झीज.

आधी मेडिकलमधून नीकॅप आणली. तिने ऊब मिळते, धीर येतो, पण भार जिथल्या तिथेच राहतो. अनलोडर ब्रेसला बिजागरीची दांडी असते. ती तीन ठिकाणी दाब देऊन आतल्या फटीवरचा थोडा भार बाहेरच्या बाजूकडे वळवते. पहिल्याच दिवशी लंगडणं कमी झालं, हे मनापासून सांगतो.

त्रासही झाला. पहिले 3 आठवडे ब्रेस सारखी खाली घसरायची. खुर्चीत बसून, गुडघा वाकवून, बिजागरी वाटीच्या मध्याशी आणून आधी पोटरीचा पट्टा आवळायचा, हे जमल्यावर ती जागेवर राहिली. एप्रिलच्या घामात पुरळ उठलं; आतून पातळ सुती कापड घातलं. पाचव्या महिन्यात वेल्क्रोची पकड गेली, पट्टे बदलावे लागले. ब्रेसच्या किमतीच्या मानाने हे पटलं नाही.

पण खरं काम व्यायामाने केलं. फिजिओ मॅडमनी आठवड्यातून 3 दिवस दिले: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पायरीवर चढ-उतार, भिंतीला टेकून अर्धी बैठक, कुशीवर झोपून पाय उचलणं. शेवटचा व्यायाम मला फालतू वाटायचा. कंबरेच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की गुडघ्याला आधार कमी पडतो, हे त्यांनी आरशासमोर एका पायावर उभं करून दाखवलं. नियम एकच: व्यायामात 10 पैकी 4 इतकं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं, तर व्यायामाचा भार कमी करायचा. व्यायाम सोडायचा नाही. 6 आठवडे काहीच फरक नव्हता. तिसऱ्या महिन्यात एकदा जिन्याचा कठडा न धरता खाली आलो आणि खाली पोचल्यावर ते लक्षात आलं!

दरम्यान 5 किलो उतरलो. वजन 1 किलो घटलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने हलका होतो, त्यामुळे याचंही श्रेय मोठं आहे.

आता ब्रेस फक्त घाट उतरताना आणि लांब चालताना घालतो, घरात नाही. झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) तिने परत येत नाही. घ्यायचीच असेल तर मांडी-पोटरीचं माप देऊन घ्या, ऑनलाइन अंदाजाने नको. आणि आधी एक्स-रे काढा: झीज बाहेरच्या बाजूला असेल तर उलट्या दिशेने दाब देणारी लागते, आणि दुखणं वाटीमागचं असेल तर या ब्रेसचा उपयोग नाही.