तारा तुटेपर्यंत चालवलेली हायब्रिड: धनकवडी ते शिवाजीनगर

मागच्या चाकाची आणखी एक तार तुटली आणि सर्व्हिस सेंटरने आख्खं चाकच बदलायला सांगितलं, म्हणून हे लिहायला बसलोय. सायकल दिवाळीनंतर घेतली, आता पावसाळा सरत आलाय. वीस हजारांच्या आतली हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली; ७०० बाय ३५ टायर (३५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी), गिअरच्या चकत्या पुढे तीन मागे सात, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, त्यात वेळ घालवत नाही. घर धनकवडीत, ऑफिस शिवाजीनगरला, एका बाजूचं अंतर साधारण नऊ किलोमीटर. सकाळी कात्रजकडून स्वारगेटकडे उतार मिळतो, संध्याकाळी तेवढाच चढ.

आधी चांगलं ते सांगतो. फ्रेम दणकट आहे, कुठे कुरकुर नाही. सीट मला पहिल्या आठवड्यातच जमली. गिअर आजही नीट पडतात; पुढची मोठी आणि छोटी चकती मात्र मी जवळजवळ वापरतच नाही, मधल्या चकतीवर सगळा रस्ता निघतो. पेट्रोलचे दिवसाला चाळीसएक रुपये वाचतात. मुख्य म्हणजे ऑफिसला वेळेवर पोचतो. सकाळच्या गर्दीत स्कूटरवाल्यांपेक्षा फार मागे राहत नाही, हे मला स्वतःलाही आधी खरं वाटलं नसतं.

आता तारा. उन्हाळ्यात पहिली तुटली, फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेन फिरते त्या मागच्या दातेरी चकत्यांच्या बाजूची. मग थोड्याथोड्या दिवसांनी दुसऱ्या. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, तार वॉरंटीत येत नाही, वापर जास्त आहे, नवीन चाक घ्या. रोजचा अठरा किलोमीटरचा वापर ‘जास्त’ कसा? कामावर जायची सायकल म्हणूनच तर ही विकली जाते. काउंटरवरच्या मुलाने चाक फिरवूनसुद्धा बघितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी आमच्याकडच्या जुन्या सायकल दुकानात गेलो. तिथल्या काकांनी सायकल उलटी केली, चाक सावकाश फिरवलं आणि तारा दोन-दोनच्या जोडीने बोटांत दाबत गेले. काही जोड्या ताठ, काही ढिल्या. मग तुटलेली तार उजेडात धरून दाखवली. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, जिथे तिला बाक दिलेला असतो, बरोब्बर तिथे तुटली होती. म्हणाले, “ही एका खड्ड्याने तुटलेली नाही. रोज थोडी थोडी दमत आली. कंपनीतून चाक मशीनवर ताणून येतं, सगळ्या तारा सारख्या नसतात, मग भार सारखा वाटला जात नाही आणि एकेक तार जाते. पण तुम्ही रोज कुठून उडवता सायकल?”

मी उडवत नाही. सायकल ट्रॅकवरून जातो.

सातारा रस्ता हा २००६ साली सुरू झालेल्या पुण्यातल्या पहिल्या बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका ठेवलेला रस्ता, कात्रज–स्वारगेट–हडपसर. त्याच कामात कडेला सायकल ट्रॅकही झाले. या ट्रॅकवरच्या हातगाड्या, उभ्या गाड्या, मध्येच आलेले विजेचे डीपी बॉक्स, यावर पुष्कळ बोललं गेलंय. माझं मन मात्र एकाच गोष्टीत अडकलंय: कडा. ट्रॅक रस्त्यापेक्षा उंच आहे. वाटेत गल्ली आली, पंपाचं गेट आलं, सोसायटीचं फाटक आलं की ट्रॅक खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. उतरायला रॅम्प असला तरी रॅम्पच्या टोकाला आणि डांबराला मेळ नसतो, मध्ये दोन-तीन बोटांची कड राहते. पुढचं चाक हँडल उचलून वाचवता येतं. मागचं वाचत नाही. माझं वजन, कॅरिअरवर लॅपटॉप आणि डबा, सगळा दणका मागच्या तारांवर. रोज, दोन्ही वेळा.

आणि फक्त तारांचा प्रश्न असता तर तार बदलून गप्प बसलो असतो. दर कडेला जवळजवळ थांबावं लागतं आणि पुन्हा वेग घ्यावा लागतो. याचा हिशेब मी मांडलाय. मी, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. या वेगाची ऊर्जा झाली १२५० ज्यूल. ब्रेक दाबला की ती गेली, परत पायातूनच काढायची. सपाट रस्त्यावर याच वेगाला हवा आणि टायर मिळून साधारण १५ न्यूटनचा विरोध होतो. म्हणजे एकदा थांबून पुन्हा निघणं हे ऐंशी मीटर जास्त सायकल मारण्याइतकं पडतं. वीसेक वेळा थांबलो तर दीड किलोमीटरच्या वर. नऊ किलोमीटरचे साडेदहा होतात, आणि संध्याकाळी तेही चढावर.

म्हणून ‘ऑफिस लांब पडतं, सायकल कशी जमणार’ हे कुणी म्हटलं की मला पटत नाही. माझे सासरे सदाशिव पेठेतून खडकीला कारखान्यात सायकलने जायचे. बिनगिअरची, आजच्या माझ्या सायकलीपेक्षा कितीतरी जड. अंतर तेव्हाही तेवढंच होतं. अंतराबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती, कारण एकदा टांग मारली की फारसं उतरावं लागत नसे. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने जातात आणि किती लांब जातात, हे विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामकऱ्यांत देशभरात साधारण १३ टक्के लोक सायकलने जात होते, जवळपास दुचाकीवाल्यांइतकेच. यातल्या बहुतेकांना हौस म्हणून सायकल नव्हती, परवडणारं तेवढंच वाहन होतं. त्यांच्याही सायकली अशाच कडांवर आदळतात.

नेदरलँड्समध्ये साडेसात किलोमीटरपर्यंतचं अंतर सहज सायकलचं धरतात. तिकडचे लोक काही वेगळ्या हाडामांसाचे नाहीत. त्यांच्याकडे बाजूची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे सायकलमार्ग आणि पदपथ सरळ, एकाच पातळीत पुढे जातात. चढायचं-उतरायचं ते मोटारीने. मोटारीला आपोआप वेग कमी करावा लागतो, चालणाऱ्यालाही सोपं, व्हीलचेअरलाही सोपं. लांबच्या अंतरासाठी त्यांनी आर्नहेम ते नायमेगेन असा सोळाएक किलोमीटरचा मार्ग २०१५ मध्ये पुरा केला, त्यात मोठे रस्ते भुयारातून ओलांडतात, म्हणजे थांबणं कमी. कोपनहेगनच्या नोरेब्रोगेड या रस्त्यावर २००७ पासून सिग्नल असे जुळवलेत की ताशी २० ने चाललेल्या सायकलला हिरवा मिळत जातो. स्पेनमधल्या सेव्हियाने २००६ नंतर चार-पाच वर्षांत शंभराहून जास्त किलोमीटर मार्ग एकमेकांना जोडून केले, आणि जवळपास नसलेल्या सायकली रस्त्यावर दिसू लागल्या. या सगळ्यात मला एकच धागा दिसतो: सायकलवाल्याची गती मोडू द्यायची नाही.

पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा २०१७ च्या डिसेंबरात मंजूर झाला, ८०० हून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा. मी तो मनापासून चांगला मानतो. पण किलोमीटर मोजून काम झालं असं समजू नये. आहेत त्या ट्रॅकवरची गल्ल्यांची तोंडं आधी ट्रॅकच्या पातळीला उचलून घ्या. नवी जमीन लागत नाही, कुणाचं दुकान जात नाही. सातारा रस्त्यावर एवढंच केलं तर त्याच नऊ किलोमीटरला नवे लोक येतील, माझी खात्री आहे. पाच ठिकाणांचे फोटो आणि कडेची उंची मोजून मी लेखी अर्ज दिलाय. पोच मिळाली, अजून कुणी पाहायला आलेलं नाही. पुन्हा जाणार आहे.

पावसाळ्याने माझी काही मतं बदलली. उन्हाळ्यापर्यंत मी हट्टाने ट्रॅकवरूनच जायचो. पाणी साचल्यावर कड दिसतच नाही, तेव्हापासून पावसात मुख्य रस्त्याची डावी बाजू धरतो. बसची भीती वाटते, पण चाक सलामत राहतं. डिस्क ब्रेक घेताना मला उगाच खर्च वाटला होता. ओल्या उतारावर आता त्याच्याइतकी मोलाची वस्तू सायकलला नाही. सोबत आलेले प्लॅस्टिकचे मडगार्ड अगदीच तोकडे, पाठीवर चिखलाची रेघ उठायची. लांब मडगार्ड वेगळे बसवले.

काकांनी मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलकडच्या सगळ्या तारा बदलल्या, प्रत्येक बाजूच्या तारा आपसांत सारख्या ताणल्या, रिमचा आउट म्हणजे वाकडेपणा काढला. खर्च सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या चाकाच्या चौथाईसुद्धा नाही. त्यानंतर एकही तार गेलेली नाही. टायर ३५ च्या जागी ४० चे घातले, फ्रेममध्ये बसतात, हवा थोडी कमी ठेवतो.

सायकल घ्यावी का? घ्या. मात्र दुकानातून थेट ऑफिसचा रस्ता धरू नका. आधी चांगल्या कारागिराकडून मागचं चाक ताणून घ्या, मग महिन्याभराने पुन्हा एकदा. लॅपटॉप कॅरिअरवर नेत असाल तर मागे ३६ तारांचं चाक मिळतंय का ते खरेदीच्या वेळीच विचारा. आणि वॉरंटीच्या कागदावर तारांबद्दल काय लिहिलंय, ते पैसे देण्याआधी वाचून घ्या.